लाइट जाऊ शकते, हे आधीच सांगा: गावातलं संग्रहालय न्यूरोडायव्हर्जंट पाहुण्यांसाठी असं तयार करा

आमचं संग्रहालय तीन खोल्यांचं. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात, जुन्या वाड्यात. तिफन, वखर, डवरा, पायली-कुडवाची मापं, दोन जाती, एक मोडकी दमणी (छोटी बैलगाडी), घुंगरमाळा आणि तान्ह्या पोळ्याला मुलं ओढत नेतात ते चाकांचे लाकडी नंदी, सगळं गावातल्याच घरांतून आलेलं. चार वर्षांपूर्वी माझी बहीण तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. माझा हा भाचा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. तो आत आला, बाकी सगळ्या वस्तूंना वळसा घालून एका नंदीपुढे फतकल मारून बसला आणि त्याचं पुढचं चाक बोटाने फिरवायला लागला. चाक मंदावलं की पुन्हा एक टिचकी. गाल जमिनीला टेकवून तो आस बघत होता. आस लाकडात घासून बारीक किर्र आवाज यायचा, तो त्याला हवा होता. वीस मिनिटं त्याने दुसऱ्या कशाकडे पाहिलं नाही, आणि बहीण कितीतरी दिवसांनी भिंतीला टेकून निवांत बसली होती.

मग शाळेची सहल आली. ऐंशी पोरं एकदम. आमच्या राखणदार भाऊंनी गर्दी आवरायला शिट्टी फुंकली आणि नंदीजवळ भाचा दिसताच ओरडले, "ए पोट्ट्या, हात नोको लाऊ!" भाच्याने दोन्ही कान दाबले, किंचाळला आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. बहिणीने त्याला कसंबसं उचललं आणि त्या ऐंशी पोरांमधून वाट काढत बाहेर नेलं. पुढे दीड वर्ष ती आमच्याकडे फिरकली नाही.

शिट्टी आम्हीच भाऊंना आणून दिली होती. नंदीजवळ 'हात लावू नका' अशी पाटी नव्हती. सहल अकराला येणार हे आम्हाला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण बहिणीला ते कुणी सांगितलं नाही. बाहेर पडायला दुसरं दारही उघडं नव्हतं. यातलं काहीच पैशांवाचून अडलेलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही जे केलं, जे चुकलं आणि जे जमलं, ते क्रमाने लिहिते आहे. गावातलं छोटं संग्रहालय, आश्रमातलं दालन, एखादं स्मारक, शाळेतला वस्तुसंग्रह, कुठेही हे करता येईल. आमच्या अनुभवात एक गोष्ट पुन्हा पुन्हा खरी ठरली: पुढे काय होणार हे आधी कळलं आणि निघून जायची वाट मोकळी असली, की हे पाहुणे थांबतात. बाकीच्या सोयी त्याच्या नंतर.

हे पाहुणे कोण

न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे ज्यांचा मेंदू ऐकलेलं, पाहिलेलं, स्पर्श केलेलं वेगळ्या रीतीने घेतो अशी माणसं. स्वमग्नता, एडीएचडी (लक्ष टिकवणं, एका जागी थांबणं अवघड जाणं), डिस्लेक्सियासारखी (वाचन अवघड जाणं) अध्ययन अक्षमता, टुरेट सिंड्रोम (नकळत होणाऱ्या हालचाली, निघणारे आवाज) असं बरंच काही यात येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता त्यांत आहेत, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. याच कायद्याचं कलम २९ संस्कृती आणि मनोरंजनाबद्दल आहे, म्हणजे संग्रहालयात येणं हा या लोकांचा हक्क आहे, आपली मेहेरबानी नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगात १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. हिशेब ढोबळच, पण अडीच हजार वस्तीच्या गावाला तो लावला तर वीसेक माणसं होतात. आपल्याकडे त्यांना हे नाव नसतं. कुणाला 'येडं' म्हणतात, कुणाला 'हट्टी', कुणाला 'घुमं'. पन्नाशीचा एखादा शेतकरी लग्नाच्या पंगतीत कधीच बसत नाही, त्याला 'माणूसघाणा' म्हणून सोडून देतात. म्हणून दारात कार्ड किंवा सर्टिफिकेट मागू नका. निदानाला जिल्ह्याला जायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते, अनेकांकडे तो कागद कधीच नसणार. ज्याने सोय मागितली त्याला ती द्यायची, एवढाच नियम ठेवा.

आधी स्वतः दोन तास बसा

स्टूल घ्या आणि आपल्याच संग्रहालयात बसा. वस्तूंकडे बघायचं नाही. काय ऐकू येतं, कशाचा वास येतो, डोळ्यांवर काय येतं, पायाखाली काय लागतं, ते वहीत लिहायचं. सकाळी एकदा, भर दुपारी एकदा, आणि सहल असेल त्या वेळी एकदा.

मी बसले तेव्हा पहिल्या पानावर कूलर आला. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाला टेकतो, कूलरशिवाय भागत नाही. पण त्याची घरघर आपल्या कानांना इतकी सवयीची झालेली असते की ती बंद झाल्यावरच कळते. ज्याचा मेंदू नको तो आवाज मागे ढकलू शकत नाही, त्याला कूलर, गाइडचं बोलणं आणि रस्त्यावरचा ट्रॅक्टर सगळे सारख्याच जोराने ऐकू येतात. मग गाइड काय सांगतोय ते त्याला कळणार कसं? आम्ही कूलर खिडकीबाहेर स्टँडवर घेतला, त्याखाली जुन्या टायरचे तुकडे घातले. खोलीतली थरथर गेली, आवाज निम्म्यावर आला. शांत वेळेत तो बंदच असतो.

दुसरा टिनाचा पत्रा. मागच्या खोलीवर पत्रे आहेत, त्यावर वानरं उड्या मारतात. आपण वर बघतो आणि हसतो. पण आधी न सांगता डोक्यावर असा धडाम आवाज झाला तर काही मुलं पुन्हा त्या खोलीत पाय टाकत नाहीत. वानरांना कोण थांबवणार? मग आम्ही ती गोष्ट लिहूनच टाकली, ते पुढे सांगते.

तिसरी ट्यूबलाइट. जुन्या चोकची ट्यूब आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभरदा लुकलुकते. बहुतेकांना दिसत नाही, काहींना ती डोक्यात हातोडा मारल्यासारखी जाणवते. स्वस्त एलईडीही कधी कधी तसेच असतात. तपासायला मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा बदला. आमचे तीन बदलले. जमेल तिथे खिडकीचा उजेड घेतला आणि उन्हाच्या बाजूला मांजरपाटाचे पडदे लावले.

वासांची यादी लांब निघाली: डांबराच्या गोळ्या, फिनाईल, दमणीला लावलेलं ताजं वार्निश, आणि ऑफिसातली उदबत्ती. फिनाईल सकाळी दार उघडायच्या दोन तास आधी मारायचं ठरलं. उदबत्ती बंद केली. यावर आमच्या समितीत बरीच चर्चा झाली, पण देवाला फूल वाहिलं तरी चालतं यावर सगळे आले.

आणि चपला. आमच्याकडे, आश्रमांत, वाड्यांत, बहुतेक ठिकाणी दारात चपला काढायला सांगतात. काही मुलांना अनवाणी पायाला फरशी किंवा शेणाने सारवलेली जमीन सहन होत नाही, काहींना बूट काढणं म्हणजे घरातून निघाल्यापासून जुळवलेली घडी मोडणं. आम्ही दाराशी धुतलेल्या मोज्यांची टोपली ठेवली. ज्याला तेही नको त्याला बुटांवर कापडी पिशवी बांधून आत सोडतो. अजून एकाही वस्तूचं त्याने काही बिघडलेलं नाही.

ज्यांच्यासाठी करायचं त्यांनाच विचारा

पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. तालुक्यातली कोणती मुलं शाळेत येतात, कोणती घरी असतात, त्यांना नावानिशी ठाऊक असतं. अंगणवाडी ताई आणि आशाताईंना तर घरंच पाठ. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात लहान मुलांचे पालक भेटतात. या सगळ्यांना बोलवा. पण पालक आणि शिक्षक यांच्यावर थांबू नका. निदान एक तरी न्यूरोडायव्हर्जंट माणूस स्वतः येऊन बघून गेला पाहिजे.

आमच्याकडे शेजारच्या गावातला बावीस वर्षांचा एक स्वमग्न तरुण आला, वडिलांच्या किराणा दुकानात हिशेब बघतो. मुलांसाठी म्हणून आम्ही एका भिंतीवर कार्टून रंगवायचा बेत केला होता. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "आधीच इतक्या वस्तू हाये. भिंत तरी रिकामी ठेवा." आमचा बेत तिथेच संपला. भिंत फिक्या मातकट रंगात राहिली आणि त्या भिंतीपुढचं बाक आता सगळ्यांत जास्त वापरलं जातं. त्या तरुणाला आम्ही एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं दिलं. सल्ला घ्यायचा तर त्याचे पैसे द्यायचे. नुसती शाल-श्रीफळावर बोळवण करू नका.

भेटीची गोष्ट लिहा

सगळ्यांत कमी खर्चाचं आणि सगळ्यांत जास्त उपयोगाचं काम हे. अमेरिकेत कॅरल ग्रे या शिक्षिकेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वमग्न मुलांसाठी 'सोशल स्टोरी' ही पद्धत बसवली: पुढे येणारा प्रसंग छोट्या, खऱ्या वाक्यांत आधी सांगून ठेवायचा. जगभरातली संग्रहालयं आता हीच पद्धत वापरून भेटीची फोटोगोष्ट आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. आपल्याला संकेतस्थळ लागत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पुरते.

मोबाइल मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, म्हणजे गुडघ्यावर बसा, आणि एसटी स्टॉपपासून सुरुवात करा. स्टॉप, वळणावरचं कडुनिंबाचं झाड, दार, तिकीट देणाऱ्या मावशी, प्रत्येक खोली, संडास, पाण्याचा माठ, मागचं दार. एका फोटोखाली एक किंवा दोन वाक्यं. आमच्या पहिल्या गोष्टीतली काही पानं अशी होती:

"मी एसटीतून उतरतो. झाडाजवळून डावीकडे जातो. निळं दार दिसतं. ते संग्रहालय आहे."

"दारात मावशी बसतात. त्यांनी नाव विचारलं तर मी सांगू शकतो. नाही सांगितलं तरी चालतं."

"या खोलीत नंदी आहेत. हिरव्या हाताचं चित्र असलेल्या नंदीला मी हात लावू शकतो. त्याचं चाक फिरतं."

"मागच्या खोलीवर पत्रे आहेत. कधी कधी वानरं पत्र्यावर उडी मारतात. मोठा आवाज येतो. मग आवाज थांबतो. मला नको असेल तर मी त्या खोलीत जात नाही."

"लाइट जाऊ शकते. लाइट गेली तर अंधार होतो आणि पंखा थांबतो. मावशी बॅटरी लावतात. मी दारापाशी उजेडात उभा राहू शकतो."

"मला निघायचं असेल तर मी मागच्या दाराने जाऊ शकतो. मी परत येऊ शकतो. दुसरं तिकीट लागत नाही."

लिहिताना काही गोष्टी सांभाळा. जे नक्की होणार नाही ते 'होईल' असं लिहू नका. 'लाइट जाणार नाही' असं आपण विदर्भात लिहू शकत नाही, आणि एकदा का गोष्टीतलं वाक्य खोटं निघालं की मूल बाकीच्या पानांवरही विश्वास ठेवत नाही. म्हणून 'कधी कधी', 'शकते' हे शब्द मोलाचे. 'घाबरू नको', 'शहाण्यासारखं वाग' हे कुठेच नको, ती आज्ञा होते, माहिती होत नाही. म्हणी आणि वाक्प्रचारही नकोत. 'डोळ्यांत तेल घालून बघ' असं वाचून एका मुलीने आईला विचारलं होतं, तेल कोण घालणार?

आम्ही हीच गोष्ट वऱ्हाडीत रेकॉर्ड करून आवाजाचीही फाइल केली. ज्या आई-बापांना वाचता येत नाही, ज्या मुलांना अक्षरं जुळवणं अवघड जातं, त्यांना ती रात्री झोपताना लावता येते. बहिणीने भाच्याला सलग आठ दिवस ऐकवली. नवव्या दिवशी तो आला तेव्हा निळ्या दाराला हात लावून म्हणाला, "निळं दार दिसतं." तो स्वतःहून बोललेलं ते त्या दिवसाचं पहिलं वाक्य होतं.

गोष्टीच्या शेवटच्या पानावर नकाशा टाका. एक कागद, तीन खोल्या, आणि प्रत्येक ठिकाणी चिन्हं: आवाजाच्या जागी कान, अंधाऱ्या जागी चंद्र, वासाच्या जागी नाक, बसायच्या जागी बाक. नुसते रंग वापरू नका, झेरॉक्समध्ये सगळे राखाडी होतात.

शांत वेळ ठरवा, पण एसटीचं टाइमटेबल बघून

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये 'अर्ली बर्ड्स' नावाने खास सकाळी असतात: नेहमीची गर्दी आत यायच्या आधी ही मुलं आणि त्यांची घरची माणसं येतात. कल्पना उचलण्यासारखी आहे. आम्ही उचलली आणि तोंडावर पडलो, कारण आठ ते साडेनऊ अशी वेळ ठेवली आणि तीन आठवडे कुणी आलंच नाही. आजूबाजूच्या गावांवरून येणारी पहिली एसटी आमच्या स्टॉपवर नऊ चाळीसला लागते. आता दर गुरुवारी पावणेदहा ते सव्वाअकरा ही वेळ आहे. बाजाराचा दिवस टाळला, कारण त्या दिवशी चौकात भोंगा असतो. लग्नसराईत गावात डीजे लागणार असेल तर ते आदल्या दिवशी कळवतो.

या दीड तासात सहल घ्यायची नाही, कितीही मोठ्या शाळेची असो. मोबाइल सायलेंटवर, इन्व्हर्टरची टूं-टूं बंद, आत एका वेळी दहापेक्षा जास्त माणसं नाहीत. आणि दारावर 'दिव्यांगांसाठी' असा फलक लावू नका. आम्ही 'शांत वेळ, ज्यांना शांतता हवी त्या सगळ्यांसाठी' असं लिहिलं. मग म्हातारी माणसं यायला लागली, तान्हं बाळ घेऊन एक सून आली, आणि पंगतीत न बसणारे ते शेतकरी काकाही एकदा येऊन तिफनीच्या चाड्याकडे अर्धा तास बघत उभे राहिले. आपल्या गावात प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं ठाऊक असतं. अशा ठिकाणी वेगळा फलक म्हणजे शिक्का. २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावरून सुरू झालेला सूर्यफुलाचा पट्टा, जो गळ्यात घालून न दिसणारं दिव्यांगत्व कळवता येतं, तो अनोळखी गर्दीत फार कामाचा आहे. खेड्यात मला तो नको वाटला.

बाकीच्या दिवसांसाठी दारावर खडूची पाटी: "आज ११ वाजता ८० मुलं येणार." हेच व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला. फुकटचं काम आहे, आणि त्या दिवशी माझ्या बहिणीला नेमकं हेच हवं होतं.

मागच्या ओसरीवरचा कोपरा

शांत कोपरा म्हणजे सजवलेली खोली नव्हे. आमच्याकडे मागच्या ओसरीवर हिरवी शेडनेट, एक बाज, एक माठ आणि एक खोका आहे. खोक्यात कानांवर लावायचे इअरमफ. कारखान्यातले कामगार वापरतात तेच, सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात २००-३०० रुपयांपासून मिळतात. दोन मोठे आणि दोन लहान घ्या, वापरून झाले की पुसून ठेवा. एक जड गोधडी आहे. अंगावर वजन आलं की काहींना बरं वाटतं, काहींना कोंडल्यासारखं होतं, म्हणून ती दाखवायची, पांघरायची नाही.

आणि सरकीच्या पिशव्या. मूठभर सरकी दाबली की हाताला जो खरखरीत दिलासा मिळतो, तो कपाशीच्या मुलखात कुणाला सांगायला नको. आधी आम्ही उघड्या घमेल्यात ठेवली होती, ते चुकलं. पेरणीच्या पाकिटातल्या बियाण्याला विषारी औषध चोळलेलं असतं, ते कधीही वापरायचं नाही. जिनिंगमधली साधी सरकीही पोटात जाऊ नये, आणि काही मुलं हातात आलेलं तोंडात घालतात. आता ती जाड खादीच्या पिशवीत दुहेरी टीप मारून शिवलेली असते.

तिथे कुणाला शिक्षा म्हणून बसवायचं नाही. 'गप बस नाहीतर मागे नेईन' हे वाक्य एकदा जरी उच्चारलं गेलं तरी तो कोपरा कायमचा बाद. आणि तिथून बाहेरचं दार दिसलं पाहिजे.

हात कशाला लावायचा ते सांगा

मूल 'नको' ऐकतं, पण नकोच्या जागी काय करायचं ते कुणी सांगत नाही. आम्ही दोनच चिन्हं केली, हिरवा हात आणि फुली मारलेला लाल हात, आणि दर खोलीत हिरव्या हाताची किमान एक वस्तू ठेवली. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये 'अनुभव' नावाचं दालन उघडलं, तिथे मूळ वस्तूंच्या प्रतिकृतींना हात लावून बघता येतं. ते दृष्टिहीनांसाठी केलं होतं, पण ज्याला हातांनीच नीट समजतं अशा प्रत्येकाला ते चालतं.

प्रतिकृती आपल्या सुतारदादांकडून होतात. आमच्या नंदीची प्रतिकृती त्यांनी केली आणि चाकाच्या आसाला छान तेल दिलं. चाक गुळगुळीत फिरायला लागलं. भाचा बसला, एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलं आणि उठून गेला. किर्र आवाज गेला होता! सुतारदादांना ते सांगितलं तर ते क्षणभर काही बोलले नाहीत, मग दुसरा नंदी आणला, कोरड्या आसाचा. आता दोन्ही आहेत, एक गाणारा आणि एक मुका. कोणता हवा ते ज्याचं त्याने निवडायचं.

आमच्या जिल्ह्यात हाताने करून बघायच्या गोष्टींची वानवा नाही. वर्ध्याचं मगन संग्रहालय गांधीजींनी १९३८ मध्ये सुरू केलं ते खादी आणि ग्रामोद्योगासाठी. टकळी, चरखा, जातं, सूप यांत एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायची असते, आणि ज्यांना बाहेर सगळे 'एकच एक काय करतोस' म्हणून टोकतात त्यांना इथे तेच करायला मिळतं. जात्याजवळ मात्र कुणीतरी हवं, बोटं चेंगरतात. मूळ जुन्या वस्तू हिरव्या यादीत घेण्याआधी बघा. वाळवी-कसर लागू नये म्हणून त्यांवर पूर्वी कीटकनाशक मारलेलं असू शकतं.

पाट्यांबद्दल थोडक्यात. अक्षर मोठं आणि साधं, सुलेखन नको, कागद पांढरा शुभ्र नको, थोडा पिवळसर. ओळी डावीकडून सुरू करा, दोन्ही कडा सारख्या करायच्या नादात शब्दांत भोकं पडतात आणि डिस्लेक्सिया असलेल्याची नजर त्यांत अडखळते. पाटीवर तीन-चार वाक्यं, पहिलं वाक्य वस्तूचं नाव आणि काम: "हा डवरा. पिकाच्या ओळींमधलं तण काढतो. पश्चिम महाराष्ट्रात याला कोळपं म्हणतात." ज्याला एका जागी थांबणं जमत नाही त्याच्यासाठी दारातच 'पाच मिनिटांत बघायच्या तीन वस्तू' असं कार्ड द्या. ती तीन बघून तो गेला तरी भेट पूर्ण झाली.

माणसांची तयारी

वरचं सगळं केलं आणि दारातल्या माणसाने डोळे वटारले तर फुकट. राखणदार भाऊंना आम्ही भाषण दिलं नाही. ते दोन दिवस भाच्याबरोबर फक्त बसले, काही न बोलता. तिसऱ्या दिवशी शिट्टी त्यांनीच ऑफिसात आणून दिली. आता सहल आली की ते हात वर करतात, मास्तर हात वर करतात, मग पोरं. आधी चार पोरं हसतात, पण शांत होतात.

त्यांच्याबरोबर बसून आम्ही ठरवलेल्या गोष्टी साध्याच आहेत. मुलाने डोळ्यांत बघितलंच पाहिजे असं नाही. 'नमस्कार म्हण', 'मामाला नाव सांग' असा आग्रह नको. एक प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजायचं, मग हवं तर पुन्हा तेच शब्द. शब्द बदलले की तो नवा प्रश्न होतो. हात फडफडवणं, डोलणं, तेच वाक्य पुन्हा म्हणणं हे थांबवायचं नाही, त्याने ते स्वतःला सावरत असतात. गालाला हात लावायचा नाही, उचलायचं नाही, चॉकलेट द्यायचं नाही. मोठ्या माणसाशी बोलताना त्याच्या सोबत्याला 'यांना काय दाखवू?' असं विचारायचं नाही, त्यालाच विचारायचं, 'भाऊ, कुठून सुरू करू?'

कधी तरी सगळं असूनही मूल कोलमडेल. तो हट्ट नसतो. डोक्यात मावेनासं झालेलं असतं. तेव्हा पहिलं काम आवाज थांबवणं, दुसरं बाकी लोकांना दुसऱ्या खोलीत नेणं. पालक काय सांगतात तेच करायचं. आपण समोर नाही, बाजूला उभं राहायचं, बोलायचंच तर दोन शब्द: "दार इकडे." डोकं आपटत असेल तर मध्ये उशी किंवा घडी केलेली गोधडी धरायची, हात-पाय दाबून धरायचे नाहीत. मोबाइल वर धरलेला दिसला तर भाऊ जाऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहतात. "काय झालं याले? बाहेरचं हाये का?" असं कुणी विचारलंच, तर ठरलेलं एक उत्तर: "आवाजाचा त्रास होते त्याले. चला, आपण तिकडची दमणी पाहू." शांत झाल्यावर पाणी पुढे ठेवायचं. काय झालं, का झालं, हे त्याला विचारत बसायचं नाही.

काही स्वमग्न माणसांना मिरगीही असते. झटका आला तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, घड्याळ बघा. नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नका, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८.

भावंडांचाही विचार करा. एकाला घेऊन आई मागे गेली की दुसऱ्याची भेट तिथेच संपते. आमच्याकडे बचतगटातल्या एक ताई गुरुवारी थांबतात, आईची आणि त्या भावंडाची तयारी असेल तर त्याला उरलेलं संग्रहालय दाखवतात. पाच रुपयांचं तिकीट दिवसभर चालतं, कितीही वेळा आत-बाहेर करा.

पैसे

दिवे, इअरमफ, पडदे, झेरॉक्स, मोजे, शेडनेट आणि सुतारदादांची मजुरी धरून आमचे साडेसहा हजार गेले, तेही दोन वर्षांत मिळून. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून काय बसतं ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना) विचारा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. सगळं एकदम करायला जाऊ नका. या महिन्यात गोष्ट आणि खडूची पाटी, पुढच्या महिन्यात दिवे, असं चाललं तरी चालतं.

पुन्हा तपासा

अभिप्रायाची वही बहुतेकांना नकोशी वाटते, लिहिणं अवघड आणि वर कुणीतरी बघत असतं. आम्ही दाराशी तीन माठुल्या ठेवल्या, प्रत्येकीवर एक चेहरा, आणि एका वाटीत चिंचोके. जाताना एक चिंचोका टाकायचा. पालकांना दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न पाठवतो: "काय नकोसं झालं?" छान काय वाटलं ते विचारत नाही, ते लोक आपणहून सांगतात.

गेल्या दिवाळीत वाड्याला रंग दिला आणि दार हिरवं केलं. पुढच्या गुरुवारी एक मुलगी आईबरोबर आली आणि दारापुढे उभीच राहिली. हातात गोष्टीची प्रिंट होती, बोट निळ्या दारावर होतं. ती चाळीस मिनिटं आत आली नाही. मावशींनी तिथेच हिरव्या दाराचा फोटो काढला, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला आणि जुन्या पानावर तिच्यासमोर चिकटवला. मग ती आली. आता दाराचा रंग, माठाची जागा, मावशींची बदली, यातलं काहीही बदललं की त्याच दिवशी फोटो बदलतो आणि ज्यांना जुनी पीडीएफ गेली आहे त्या सगळ्यांना नवी पाठवतो. यादी मावशींच्या मोबाइलमध्ये आहे. आज तिच्यात ३४ नंबर आहेत.